बारदाना वजा जाता

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. भाऊबीज. दिघोरीहून परतल्यावर.

आजचा दिवस लक्षात ठेवण्यासारखा, म्हणून ही वही.

रुपाने (धाकटी बहीण) तिच्या घरी ओवाळलं. दरवर्षी मी ताटात साडी आणि पाकीट ठेवतो. यंदा काहीच ठेवलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी पाटावरून उठून जाहीर केलं की यंदाची ओवाळणी म्हणजे माझी एक किडनी. जरा थांबून बोललो, त्यामुळे इफेक्ट आला.

आई रडली. कैलाशने (रुपाचा नवरा) माझे पाय धरले. गुंजन म्हणजे भाची, नववीत आहे, शूटिंग करत होती, तिने मोबाईल खाली ठेवला. रुपा तेवढी निरांजन हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, आंधी जेवून घे. मंग बोलू."

रुपाच्या दोन्ही किडन्या निकामी. वय अडतीस. दीड वर्षापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी भंडाऱ्याला डायलिसिस. आईला शुगर आहे, कैलाशचा ब्लड ग्रुप जुळत नाही. माझा आणि रुपाचा एकच, बी पॉझिटिव्ह. म्हणजे राहिलो मी.

जेवणात तेलात तळलेल्या सुवाऱ्या, वडे, नव्या तांदळाचा भात. आता पथ्यपाणी सुरू होणार म्हणून जरा सढळ हाताने.

११ नोव्हेंबर, सोमवार. नागपूर.

डॉक्टर कोवळा पोरगा. काडीसारखा. त्याने वजन केलं: ९४.३. उंची १६५. बीएमआय ३४.६. म्हणाला, तीसच्या आत आणा, म्हणजे ८१ किलो. मग पुढच्या तपासण्या, मग ऑपरेशनची तारीख.

कोणता डाएट करू विचारलं. म्हणे, भात अर्धा करा, रोज चाला, जो जमेल तो डाएट करा. जो जमेल तो! मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पोरं मला लॅबवाले सर म्हणतात. त्याला स्वच्छ सांगितलं की मी पुराव्याशिवाय काही करत नाही. तो बरं म्हणाला.

तेरा किलो म्हणजे फार तर चार महिने. मार्चमध्ये ऑपरेशन. रुपाला तसं सांगून टाकलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

संशोधन सुरू. तीन रंगांचे पेन. अकरा पेपर वाचले (सारांश. आतला मजकूर कुलुपात असतो). निष्कर्ष: केटो आणि कमी कार्बवाल्यांचं वजन पहिल्या सहा महिन्यांत भराभर उतरतं, कमी तेल-तूपवाले मागे राहतात. पण वर्षानंतर दोघांत फारसा फरक उरत नाही. एका पेपरने तर सरळ लिहिलं आहे की डाएट कोणताही घ्या, जो टिकून राहील त्याचं उतरेल.

हे पटलं नाही. इतकं सोपं असतं तर लोकांनी संशोधन कशाला केलं असतं? शिवाय हे सगळे प्रयोग परदेशी माणसांवर. तीन वेळा भात खाणाऱ्या लाखांदूरच्या माणसावर एकही नाही. ही उणीव मीच भरून काढणार. चार डाएट: केटो, सोळा-आठ उपवास, लो-फॅट, मेडिटरेनिअन. प्रत्येकी सहा आठवडे. दोन डाएटच्या मध्ये वॉशआऊट, म्हणजे काही आठवडे नेहमीचं जेवण, जेणेकरून पहिल्याचा परिणाम दुसऱ्यात मिसळणार नाही. याशिवाय तुलना शुद्ध होत नाही.

प्रतिक्षाने (बायको) विचारलं, "म्हंजे उतरवलेलं पुन्हा चढवाचं?" विज्ञानाची पार्श्वभूमी नसली की असे प्रश्न पडतात.

१७ नोव्हेंबर, रविवार.

काटा ठरला. घरचा बाथरूमवाला दर खेपेला वेगळं सांगतो. धान खरेदी केंद्रावरचा इलेक्ट्रॉनिक काटा मात्र शिक्का मारलेला. काटा भैय्यालाल सांभाळतो, माझ्याच लॅबमधून शिकून गेलेला. बाहेर ट्रॅक्टरची रांग. दोन पोत्यांच्या मध्ये मी चढलो. भैय्यालालने सवयीने आरोळी दिली, "त्र्याण्णव आठशे!" रांगेतल्या कोणीतरी वाण कोणतं विचारलं. हसू दे.

पण तिथेच एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. पोतं काट्यावर ठेवलं की पावतीवर लिहिताना बारदान्याचं वजन वजा करतात. कोणी पोत्याला धान समजत नाही. मग माझे कपडे, पट्टा, मोबाईल, चपला, लॅबच्या किल्ल्यांचा जुडगा? हा बारदानाच. १.९ किलो धरला. नेट ९१.९. एका आठवड्यात जवळजवळ अडीच किलो कमी!

रुपाचा फोन आला, "दादा, किती भरला?" नेट आकडा सांगितला. म्हणाली, "थांब, लिहून घेतो." तिच्याकडे एक वही आहे. डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, किती पाणी काढलं, सगळं लिहावं लागतं. तिच्यात आता एक पान माझ्या नावाचं केलं म्हणे. दर रविवारी फोन करणार.

२४ नोव्हेंबर, रविवार.

केटो, दिवस पाचवा. साऱ्या तालुक्यात नव्या तांदळाचा वास आणि मी पनीर चावतो आहे. दुपारी साळ्याच्या गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, जावं लागलं. पाहुण्याने खाल्लं नाही तर वाईट दिसतं. चार सुवाऱ्या. सामाजिक कारणाने झालेली नोंद वेगळ्या पेनने.

८ डिसेंबर, रविवार.

ग्रॉस ९१.०. केटो चालतो! पेपरमध्ये म्हटलं आहे की सुरुवातीला उतरतं ते बरंचसं पाणीच असतं. म्हणजे उरलेल्या वजनातही पाणी आहे. केंद्रावर धानाची ओल मोजायला यंत्र आहे, ओलं असलं तर परत पाठवतात. माझी ओल मी १.५ धरली. बारदाना १.९. नेट ८७.६.

रुपाचं परवा २.८ किलो पाणी काढलं. पायात गोळे आले म्हणे. दिवसाला एक लिटरच्या वर पाणी नाही, त्यातच चहा, त्यातच वरण. बाटलीवर रेघा मारून ठेवल्या आहेत. आलूसुद्धा कापून, भिजवून, ते पाणी फेकून मग शिजवते. वर्षभरात एकदा चुकली नाही. मी तिला म्हणालो की केटोत मला चार लिटर प्यावं लागतं. हसली. "माह्या वाटचंबी तूच पिऊन राहिला का?"

दोघं बहीणभाऊ एकाच वेळी डाएटवर. बरं वाटलं.

२९ डिसेंबर, रविवार.

केटो समाप्त. ग्रॉस ८९.४. लॅबमध्ये पेढे वाटले. वॉशआऊट आजपासूनच. संध्याकाळी आयते (तांदळाचे घावन) केले होते, दूध-गुळाशी नऊ खाल्ले. तांदळाचे असले तरी पातळ असतात.

१९ जानेवारी २०२५, रविवार.

वॉशआऊट शंभर टक्के यशस्वी. ग्रॉस ९३.१. केटोचा अंशही अंगात उरला नाही.

रुपाला आकडा सांगताना जरा विचार करावा लागला. स्वेटर, संक्रांतीची ओल वगैरे धरून ८७.६ सांगितला. म्हणजे वजन स्थिर. "स्थिर म्हंजे बरंच हाय ना दादा?" तिने विचारलं. स्थिर म्हणजे उत्तम, सांगितलं.

९ फेब्रुवारी, रविवार.

सोळा-आठ चालू आहे. सोळा तास उपाशी, आठ तासांत खायचं. दुपारी बारा ते रात्री आठ. तर्री पोहा सव्वाबाराला खातो, नियमात बसतो.

सकाळी कैलाश आला. एसटीने, एकटाच. खुर्चीच्या काठावर बसला. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं आहे की भावाची किडनी मिळेपर्यंत दुसरीकडे, वेटिंग लिस्टमध्येही नाव टाकून ठेवा. मृत दात्याची मिळते, वेळ लागतो, पण नाव असलेलं बरं. कागद सोबत आणले होते. टाकू का, विचारत होता.

मला लागलं ते. ओवाळणीच्या ताटासमोर दिलेला शब्द आहे. मी म्हणालो, मी जिवंत असताना मेलेल्या माणसाची वाट कशाला पाहता? वाक्य चांगलं जमलं. कैलाश म्हणाला, "तसं नाई भाऊ, डॉक्टर म्हणे म्हणून." कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चहा अर्धाच प्यायला.

तो गेल्यावर प्रतिक्षा दारातच उभी होती. म्हणाली, "तुमी भेता का? भेव वाटत असन तं सांगून द्या तिले. ते लोक दुसरा विचार करतीन." मी तिला समजावलं की मी घाबरत नाही, बायको म्हणून तिला भीती वाटणं साहजिक आहे. मग तिने कैलाशचा अर्धा कप उचलून मोरीत ओतला. फार घाबरलेली दिसली.

२ मार्च, रविवार.

सोळा-आठ समाप्त. ग्रॉस ९२.६. सहा आठवड्यांत अर्धा किलो. पेपरमध्येही हेच आहे: खाणं तेवढंच राहिलं तर नुसत्या घड्याळाने खास फरक पडत नाही. माझा निकाल जगाशी जुळतो, याचं समाधान. रुपाला ८७ सांगितलं. मार्चमध्ये ऑपरेशन होणार होतं, तो विषय तिने काढला नाही. मीही नाही.

१६ मार्च, रविवार.

होळीच्या पुरणपोळ्यांनी वॉशआऊट आटोपला. आजपासून लो-फॅट. स्कूटर बंद पडली, पार्ट वडशातही मिळाला नाही. कॉलेजला पायी. जाऊन-येऊन सहा किलोमीटर. प्रतिक्षा अर्धाच भात वाढते, वर भाजी. रागावण्याइतकी ताकद नाही.

६ एप्रिल, रविवार.

ग्रॉस ८७.८.

काही वजा केलं नाही, विसरलो.

२७ एप्रिल, रविवार.

ग्रॉस ८४.६! पट्ट्याला दोन नवी भोकं. भैय्यालालने आरोळी दिली नाही, नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "सर, तुमी तं उतरून राहिले खरोखर!" खरोखर हा शब्द मला आवडला नाही.

आजचा आकडा चांगला होता, पण नेट सांगायची सवय. बारदाना आणि ओल वजा करून रुपाला ८१.२ सांगितलं. तिने आकडा लिहून घेतला. मग तिने हाक मारली, "गुंजन, मामाजीचं झालं वं!" दहा मिनिटांनी पुन्हा फोन. तिने नागपूरला कळवलंसुद्धा. पाच मे, सोमवार.

मला विचारायला हवं होतं.

५ मे, सोमवार. नागपूर.

त्यांच्या काट्यावर ८४.१. इथे बारदाना कापत नाहीत. रुपाने माझ्याकडे पाहिलं. पण समन्वयक मॅडम खूश होत्या. म्हणाल्या, दहा किलो उतरवणारे भाऊ फार कमी येतात, आता तीनच राहिले, पंधरा-वीस दिवसांत या, तारीख देते.

मग दात्याची माहिती. कुठे कापतात ते मॅडमनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. फॉर्मच्या चौथ्या पानावर होतं की दात्याच्या जिवाला अत्यल्प धोका असतो. खाली आकडा: दहा हजारांत सुमारे तीन. लॅबमध्ये एवढा आकडा आम्ही शून्यच धरतो. मी ते पान दोनदा वाचलं, कारण प्रिंट पुसट होती.

परतीच्या बसमध्ये रुपाने मला खिडकीची जागा दिली. साकोलीपर्यंत माझा हात धरून बसली होती. घाबरली असावी.

७ मे, बुधवार.

दोन दिवस सगळी आकडेवारी तपासली. मोठी चूक सापडली. लो-फॅटच्या सहा आठवड्यांत स्कूटर बंद होती! म्हणजे वजन डाएटमुळे उतरलं की चालण्यामुळे, कसं सांगणार? निकाल बाद. असल्या भेसळीच्या आकड्यावर ऑपरेशनसारखा निर्णय घेणं बरोबर नाही. पूर्ण वॉशआऊट करून लो-फॅट पुन्हा करावा लागणार, स्कूटरसह. आजच स्कूटर दुरुस्त करून आणली. पार्ट भंडाऱ्याला मिळाला.

प्रतिक्षा म्हणाली, "तीन किलोच तं रायले." मुद्दा किलोचा नाही, पद्धतीचा आहे, हे तिला कसं सांगावं? तिने ताटात नेहमीचा अर्धा भात वाढला. मी आणखी मागितला. तिने पातेलंच समोर आणून ठेवलं आणि आत गेली.

१ जून, रविवार.

लग्नसराई. ग्रॉस ८८.९. वॉशआऊट अपेक्षेपेक्षा वेगाने चालू आहे. मॅडमचे चार फोन येऊन गेले. एकदा मी अंघोळीत होतो.

रुपाला सांगितलं की किरकोळ तांत्रिक अडचण आहे. "तुह्या तब्येतीत तं काई नाई ना?" तिला माझ्या तब्येतीची काळजी.

२२ जून, रविवार.

उन्हाळी धानाची खरेदी संपली, केंद्र बंद, काटा कुलुपात. शेवटची नोंद ग्रॉस ९०.२. पावसाळ्यात हवेतच ओल, ती अंगात शिरणारच. मोसमी दुरुस्ती धरून नेट ८३.५. आता एकूण वजावट सहा किलो सातशे. लिहिल्यावर जरा जास्त वाटली, पण प्रत्येक बाब सुटी सुटी पाहिली तर बरोबर आहे.

१३ जुलै, रविवार.

लो-फॅटची फेरी पावसामुळे विस्कटली, ती रद्द. थेट मेडिटरेनिअन. हृदयासाठी हा डाएट फार उत्तम, पुरावा भक्कम. ऑलिव्ह तेलाऐवजी जवसाचं, समुद्राच्या मासळीऐवजी तलावाची, अक्रोडाऐवजी शेंगदाणे. मासळी तळूनच बरी लागते. काटा नसल्यामुळे वजन अंदाजे. ८३ नेट धरायला हरकत नाही.

रुपाचा आवाज हल्ली बारीक येतो. नेटवर्क.

९ ऑगस्ट, शनिवार. रक्षाबंधन.

रुपा स्वतः आली, गुंजनला घेऊन. वर्षभरात पहिल्यांदा. चेहरा सुजलेला, हात काड्या. डायलिसिसची सुई टोचतात तिथे नस फुगून दोरीसारखी झाली आहे. राखी बांधताना माझं मनगट तिच्या त्या हाताला लागलं, त्या नसेत रक्ताची नुसती थरथर जाणवली. मी हात काढून घेतला. मग पुन्हा पुढे केला.

८३, मी आपणहून सांगितलं. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही असं वाटलं. दोन घोट पाणी घेतलं, पेला बाजूला ठेवला. मग विचारलं, "दादा, तुले मले काई सांगाचं हाय का?"

मी तिला मेडिटरेनिअन डाएटबद्दल सांगितलं. जवळजवळ अर्धा तास. तिने सगळं ऐकलं. मध्ये एकदाही उठली नाही.

जाताना ती आणि प्रतिक्षा अंगणात बराच वेळ उभ्या होत्या. काय बोलणं झालं विचारलं, तर प्रतिक्षा म्हणाली, "काई नाई. तुमाले जपा म्हणे."

२४ ऑगस्ट, रविवार.

पोळा झाला. निश्चय केला आहे. प्रयोग खूप झाले, आता निकाल. १ सप्टेंबरपासून अर्धा भात, पायी कॉलेज, कोणताही डाएट नाही. नऊ आठवडे. भाऊबीजेला ताटात तारीख ठेवीन. यावेळी पक्कं.

१ सप्टेंबर, सोमवार.

पाऊस. चालणं उद्यापासून. भात अर्धा (दोनदा).

२ सप्टेंबर, मंगळवार.

चुलबंद नदी फुगली. दिघोरीच्या पुढच्या नाल्यावर पाणी, गाड्या बंद. रुपाला आज भंडाऱ्याला जाता आलं नाही. कैलाशचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, मीठ आणि पाणी बंद ठेवा, उद्या उतार पडेल. बोलताना आवाज मुद्दाम शांत ठेवला.

३ सप्टेंबर, बुधवार.

उतार नाही. रुपाला आडवं होता येत नाही, दम लागतो. भिंतीला टेकून बसवली आहे. मी निघालो होतो, आमच्याही बाजूने रस्ता बंद. स्कूटर परत आणली.

फोनवर तिच्याशी बोलणं झालं. एकच वाक्य, तेही तुटक. "आज रविवार नाई, तरी सांग दादा, किती भरला?"

मी सांगितलं, ८१.

४ सप्टेंबर, गुरुवार.

दुपारी ट्रॅक्टरने नाला ओलांडला. साकोलीच्या अलीकडे. ट्रॉलीतच. रुपा गेली.

८ सप्टेंबर, सोमवार.

पूर आला नसता तर ती मंगळवारी भंडाऱ्याला पोहोचली असती. सगळे हेच म्हणतात. मीही म्हणतो. पूर कोणाच्या हातात असतो?

नवी किडनी मिळालेल्या माणसाला पुराने काय फरक पडतो. तो घरी बसून राहतो. पाणी उतरायची वाट बघतो, पाणी पितो.

ही वही बंद करावी म्हणतो.

१६ सप्टेंबर, मंगळवार. तेरवी.

दिघोरी. पंगतीत आईने माझ्या पानावर भात वाढला. "खाय बाबू, तुले अर्धाच लागते ना आता." तिला कोणीतरी मी डाएटवर आहे असं सांगितलं होतं. रुपानेच सांगितलं असणार. घास उचलला, तोंडापर्यंत गेला नाही.

जेवणं उरकल्यावर कैलाशने रुपाची वही आणून दिली. "तुमच्या नावाचं पान हाय, भाऊ. तुमच्यापाशी असू द्या." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी राग शोधत होतो.

पान उघडलं. वर लिहिलं आहे "दादा". खाली माझे सगळे रविवार तिच्या गोल अक्षरात. ९१.९. ८७.६. ८७.६. ८७. ८१.२. ८३.५. ८३. एकही चुकवला नाही. समोरच्या पानावर तिचं स्वतःचं: आधीचं वजन, नंतरचं वजन, काढलेलं पाणी. तिने कशातूनही काही वजा केलेलं नाही.

५ मेसमोर लिहिलं आहे: "दादाचा हात बसमंदी थंडागार."

९ ऑगस्टसमोर: "दादा ८३ म्हणते. तेवढा दिसत नाई. भेव वाटत असन त्याले. गुंजनच्या बाबाले सांगतलं, लिस्टमंदी नाव टाका. दादाले सांगू नका, त्याले खराब वाटन."

कैलाशने नाव टाकलं होतं. १४ ऑगस्टला. फेब्रुवारीतले कागद तेच, घडीवर फाटायला आलेले, त्याने जपून ठेवले होते. मधले सहा महिने मी खाल्ले.

शेवटची नोंद ३ सप्टेंबरची. अक्षर वाकडं. "८१." आणि पुढे बरोबरची खूण.

२८ सप्टेंबर, रविवार.

सकाळपासून फोनजवळ बसलो. प्रतिक्षा बाजूला येऊन बसली. ताट वाढून ठेवलं होतं, ते तिने झाकून ठेवलं.

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. भाऊबीज.

यंदा घरात सण नाही. दिघोरीला गेलो नाही, पाट मांडायला तिथे कोण आहे? पॅन्ट सारखी खाली येते, जुना पट्टा सापडेना, सुतळी बांधली.

भैय्यालालला फोन केला. खरेदी सुरू व्हायची आहे, पण किल्ली त्याच्याकडे असते. तो आला. कपाळावर बहिणीने लावलेला टिळा, अजून ओला. काट्यावरची धूळ पुसली, मला चढायला सांगितलं. मी चढलो तेव्हा त्याने हळूच विचारलं, "सर, बारदाना किती धरू?"

काही धरू नको म्हणालो. चपला, किल्ल्या, मोबाईल, सगळ्यासकट.

८१.२.

भैय्यालालने आकडा मोठ्याने वाचला नाही. त्याला वर्षभर माहीत होतं की हा आकडा कशासाठी हवा होता.

घरी येऊन तक्त्यात लिहिलं. तारीख. ग्रॉस ८१.२. वजावट नाही. डाएटच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, तो तसाच ठेवला. मग रुपाची वही काढली. तिच्या शेवटच्या ८१ खाली जागा होती. तिथे आजची तारीख टाकली आणि जे तिने राखीच्या दिवशी विचारलं होतं त्याचं उत्तर लिहिलं.

मले भेव वाटत होतं, रुपा.